तळं राखणाऱ्यांची गोष्ट

गेल्या दहा वर्षांत मराठीत एक नवा साहित्यप्रकार तयार झालाय. समीक्षकांनी त्याची दखल घेतलेली नाही, पण तुम्ही तो वाचलाय, पाहिलाय आणि बहुतेक फॉरवर्डही केलाय. मी त्याला ‘जलयोद्धा कथा’ म्हणतो. रविवारच्या पुरवणीतलं अर्धं पान, दिवाळी अंकातला लेख, नव्वद सेकंदांचं रील, रूप कुठलंही असो, सांगाडा एकच. आधी भेगाळलेली जमीन. मग एक माणूस, शहरातली नोकरी सोडून आलेला किंवा गावानं वेड्यात काढलेला. थोडा विरोध, थोडी कुचेष्टा. मग पोकलेन, श्रमदान, ड्रोनमधून टिपलेलं दृश्य. शेवटी निळंशार पाणी, काठावर उभा असलेला तो माणूस आणि त्याच्याखाली लाखो लिटरचा आकडा.

यातली माणसं खरी असतात आणि त्यांचं कामही खरं असतं, त्यामुळे त्यांच्यावर टीका करण्याचा प्रश्नच नाही. माझी तक्रार गोष्टीच्या साच्याबद्दल आहे. हा साचा आपल्याला एक प्रश्न कधीच विचारू देत नाही: हा माणूस उद्या नसला तर तलावाचं काय होईल?

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. आमच्या धंद्यात या प्रश्नाला एक जरा क्रूर नाव आहे, ‘बस फॅक्टर’. टीममधल्या किती जणांना बसनं उडवलं तर प्रोजेक्ट बंद पडेल, तो आकडा. उत्तर ‘एक’ असेल तर तो एक जण कितीही हुशार असला तरी प्रोजेक्ट धोक्यात आहे असं आम्ही मानतो. जलयोद्धा कथा मात्र ज्याचा बस फॅक्टर एक आहे, अशाच कामाला सगळ्यात जास्त टाळ्या देते. हे मला पहिल्यांदा खटकलं ते चंद्रपूर आणि गडचिरोलीबद्दल वाचताना, कारण त्या भागातल्या पाण्याची गोष्ट या साच्यात बसतच नाही.

उसना दुष्काळ

पाण्याच्या कामाचं मराठी मनातलं चित्र दुष्काळी भागातून आलंय. २०१६ ते २०१९ या काळात पाणी फाउंडेशनच्या सत्यमेव जयते वॉटर कपनं ते घरोघरी नेलं: हातात कुदळ घेतलेलं गाव, पंचेचाळीस दिवसांची मुदत, शेवटी गुण आणि बक्षीस. माणदेशात किंवा मराठवाड्यात त्या चित्राला अर्थ होता. पण आता चित्र तेवढं शिल्लक राहिलंय आणि ते कुठेही चिकटवलं जातं.

झाडीपट्टीत वर्षाला १,२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे पीक धानाचं, म्हणजे भाताचं. धानाच्या बांध्यांत पाणी उभं राहावं लागतं. पाऊस भरपूर असला तरी तो आपल्या सोयीनं पडत नाही. रोवणी झाल्यावर किंवा पुढे लोंब्या भरायच्या वेळी तो दोन-तीन आठवडे दडी मारतो, आणि तेवढ्यात हंगाम जातो. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत साडेसहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत, ते मुख्यतः या दोन-तीन आठवड्यांसाठी. उन्हाळ्यासाठी पाणी साठवून ठेवायचं हा त्यांचा पहिला हेतू नव्हता. उन्हाळ्यात त्यातले कितीतरी आटायचे, आणि आटणं हासुद्धा व्यवस्थेचाच भाग होता. तळ उघडा पडला की शेतकरी गाळ काढून बैलगाडीनं शेतात न्यायचे. म्हणजे ‘गाळ काढणे’ ही मोहीम नव्हती, ते दरवर्षीचं काम होतं.

आता या तलावावर भेगाळलेल्या जमिनीची गोष्ट लावून बघा. मे महिन्यात आटलेला तळ दिसला की रीलवाला त्याला ‘मेलेला तलाव’ म्हणणार. पोकलेन तो खोल खणणार. गाळ किती घनमीटर निघाला त्याचा आकडा जाहीर होणार. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमागची कल्पना चांगलीच होती, पण तिचं यश मोजलं जातं ते घनमीटरमध्ये. तलाव मात्र बशीसारखा असतो: मधे खोल, कडेला उथळ. कडेच्या उथळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत जातो, तिथे पाणवनस्पती वाढतात आणि त्यांच्यात मासे अंडी घालतात. यंत्रानं बशीचं घमेलं केलं की पाणी जास्त दिसतं आणि तलावातलं जगणं कमी होतं. ड्रोनला हे दिसत नाही. ड्रोनला फक्त निळा रंग कळतो.

‘माजी’ नावाचा शब्द

सरकारी कागदांत या तलावांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. बोलण्यात त्याचं झालं ‘मामा तलाव’. सुट्टीत आजोळी जाणाऱ्या पोरांना तो आपल्या मामाचाच वाटावा असं गोड नाव. पण त्यातला ‘माजी’ हा शब्द थांबून वाचण्यासारखा आहे. तलाव अजून आहे, पाणी आहे, धान आहे. माजी झालाय तो त्याचा मालक. गेलेल्या मालकाच्या नावानं ओळखलं जाणारं सार्वजनिक काम दुसरं सहसा सापडणार नाही. आज हा तलाव कुणाचा, ते या नावात कुठेच नाही.

मालगुजार ही इंग्रजांची निर्मिती. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि १८६० च्या दशकातल्या जमीन बंदोबस्तात गावचा सारा गोळा करणाऱ्यांना मालकी हक्क मिळाले. तलाव त्याहून कितीतरी जुने. चांद्याच्या गोंड राजांनी, परंपरेप्रमाणे हीरशहानं, असा नियम केला होता की जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन मिळेल. अशा जमिनीला ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर शहरात आज तुकूम नावाचा भाग आहे. तिथून रिक्षानं जाताना आपण चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या एका पाणीधोरणातून जातोय, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपण आता खाबुगिरीवर शेरा म्हणून वापरतो. तुकूमच्या नियमात ती शब्दशः राज्याचं धोरण होती. चाखायला मिळेल म्हणूनच राखायचं. तलाव बुडाला तर तुझी जमीन कोरडी पडेल, म्हणून पाळीवर उंदराचं बीळ दिसलं तर तूच बुजवशील. इथे ज्ञान आणि हितसंबंध एकाच माणसाच्या हातात बांधले होते, आणि तो माणूस गेला तर त्याच्या मुलाच्या हातात.

हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या जातीजमातींवरच्या ग्रंथात एक दंतकथा नोंदवली आहे: चांद्याचा गोंड राजा काशीला गेला असता कोहळ्यांचं कसब पाहून थक्क झाला आणि त्यांना घेऊन आला. तलाव बांधणारे कोहळी, मासे धरणारे धिवर, तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडून बांध्याबांध्यांना पाळीपाळीनं पाणी देणारा पाणकर. कुणाला किती निस्तार, म्हणजे जंगल-पाण्याचा कुठला वापर करण्याचा हक्क, हे इंग्रजी काळात निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये लिहिलं गेलं. एका तलावामागे अशी पाच-सहा प्रकारची माणसं आणि एक-दोन दस्तऐवज असायचे. तज्ज्ञ कोण, असं विचारलं असतं तर कुणा एकाकडे बोट दाखवता आलं नसतं.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाणारं लेखनही मराठीत भरपूर आहे आणि त्यावरही माझा विश्वास नाही. मालगुजारी म्हणजे बेगारी होती, जातीची उतरंड होती. पाणी आधी कुणाच्या शेतात जाणार, हे वाड्यावर ठरायचं. पाणकराचं ज्ञान मोठं असलं तरी त्याला वाड्यासमोर उभंच राहावं लागे. ३१ मार्च १९५१ पासून ही मालकी कायद्यानं संपली ते योग्यच झालं. पण मालकी काढून घेताना तिच्यासोबत बांधलेली राखण कुणाकडे द्यायची, हे ठरलं नाही. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेला. तलावाच्या पोटातली जमीन महसूल खात्याच्या नोंदीत. पाणी चाखणारे अनेक, राखणारं कुणीच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर बस फॅक्टर शून्य झाला: बसखाली यायलाही कुणी उरलं नाही.

कोलू पाटलाचा देव

माणसाला नायक करण्याची खोड रीलनं आणलेली नाही. गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांधचा प्रचंड तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यानं बांधला, असं गॅझेटियर सांगतं. पुढे त्याचा कोलासूर देव झाला आणि भोवतालच्या एका डोंगरशिखरावर त्याचं ठाणं झालं. म्हणजे तज्ज्ञाचा देव करणं ही आपली जुनीच पद्धत. पण लोककथेनं इथे एक शहाणपण केलंय. तलावाभोवतीच्या शिखरांना ‘सात बहिणी’ म्हणतात आणि तलाव बांधायला त्या सात जणींनी मदत केली असं मानतात. देव केला तरी त्याला एकटं ठेवलं नाही. आपल्या रीलला एवढंही जमत नाही. तिथे बायका घमेली उचलताना दिसतात, पण बोलतो तो माणूस.

नवेगावबांध मराठी वाचकाला माहीत आहे ते मारुती चितमपल्लींमुळे. वनाधिकारी म्हणून ते तिथे होते आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ हे त्यांचं पुस्तकच आहे. २०२५ च्या जून महिन्यात ते गेले, तेव्हा श्रद्धांजलीच्या लेखांत ‘अरण्यऋषी’ हा शब्द ठिकठिकाणी आला. मला तो शब्द त्यांच्या लेखनावर अन्याय करणारा वाटतो. ऋषी एकटा बसतो आणि त्याला ज्ञान आतून सुचतं. चितमपल्लींच्या लेखनात मात्र शिकवणारे सतत येत राहतात. कोलू पाटलाचा वारसा सांगणारे माधवराव पाटील, आदिवासी, पारधी, धिवर. पक्ष्याचं नाव, माशाची सवय, झाडाचा उपयोग ते कुणाकडून तरी घेतात आणि तसं सांगतात. वनखात्याचा साहेब गावकऱ्याकडून शिकतोय आणि ते छापतोय, हा त्यांच्या गद्याचा मोठा गुण. आपण त्यातला विद्यार्थी काढून टाकला आणि ऋषी ठेवला. साचा लेखकालाही सोडत नाही.

गोष्ट आणि कहाणी

या साच्याला मराठीत सगळ्यात चांगलं उत्तर दिलंय ते मिलिंद बोकील यांच्या दोन पुस्तकांनी. ‘शाळा’मुळे तुम्ही त्यांना ओळखत असाल. ‘गोष्ट मेंढा गावाची’ गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाबद्दल आहे, आणि ‘कहाणी पाचगावची’ चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावबद्दल. दोन्हींच्या केंद्रस्थानी पाण्यापेक्षा जंगल आहे. पण झाडीपट्टीत जंगल आणि पाणी वेगळे काढता येत नाहीत. पाणलोट म्हणजेच जंगल.

मेंढ्यात शंभराच्या आसपास घरं आणि सुमारे १,८०० हेक्टर जंगल. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक, साल २००९. हक्क मिळूनही बांबू विकता येईना, कारण वनखातं बांबूला झाड म्हणत होतं आणि २००६ चा कायदा गौण वनोपज. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. इथपर्यंतचा मजकूर रीलमध्ये मावतो. बोकिलांचं पुस्तक मोलाचं आहे ते न मावणाऱ्या भागामुळे.

तो भाग म्हणजे सभा. मेंढ्यात निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वांच्या संमतीनं होतो. एक जण जरी नको म्हणाला तरी विषय पुढे ढकलला जातो. त्याच्या जोडीला अभ्यास गट: एखादा विषय घ्यायचा, माहीतगार माणसाला बोलवायचं, प्रश्न विचारायचे. अभ्यास गटात निर्णय होत नाही आणि ग्रामसभेत अभ्यासाशिवाय निर्णय होत नाही. चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल या गावाशी दशकानुदशकं जोडलेले होते. जानेवारी २०२५ मध्ये ते गेले. त्यांची भूमिका काय होती? माहिती आणायची, कायद्याचा अर्थ लावायला मदत करायची, आणि ठरवायची वेळ आली की बाजूला व्हायचं. देवाजी तोफा आणि गाव ठरवणार. मला विचाराल तर मराठीतल्या वैचारिक लेखनात ‘तज्ज्ञ’ या शब्दाची याहून चांगली व्याख्या झालेली नाही: ज्याच्याकडे ज्ञान आहे आणि मत लादण्याचा अधिकार नाही, असा माणूस. बोकील हे सगळं साध्या, थंड गद्यात सांगतात. कंटाळवाण्या बैठकांना पुस्तकात जागा देतात. माझ्या लेखी हे धैर्य आहे, कारण बैठकीचं रील होत नाही.

पाचगावचं उदाहरण याहून बोलकं. २०१२ मध्ये गावाला सुमारे हजार हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. बांबूतून उत्पन्न येऊ लागलं. आणि याच गावानं तेंदूपत्ता गोळा करणं बंद केलं, कारण तेंदूसाठी फांद्या छाटल्या जातात, जंगलाला आगी लावल्या जातात. तेंदू हा त्या भागातला उन्हाळ्याचा रोख पैसा आहे, हे लक्षात घेतलं की या निर्णयाचं वजन कळतं. जंगलाचा काही भाग गावानं अजिबात हात न लावता ठेवून दिला. विद्यापीठात ज्याला परिसंस्थेचं पुनरुज्जीवन म्हणतात, ते हेच. फरक एवढाच की इथे अहवाल लिहिणारा आणि नुकसान सोसणारा एकच आहे.

तरीही या दोन पुस्तकांशी माझं एक भांडण आहे, आणि ते त्यांच्या नावांपासूनच सुरू होतं. ‘गोष्ट’ आणि ‘कहाणी’. मराठीत कहाणी म्हटलं की व्रताची कहाणी आठवते, आणि ती सुफळ संपूर्ण व्हावीच लागते. राणीला राज्य परत मिळतं, गावाला हक्काचं पत्र मिळतं. पण राखण्याच्या कामाला ‘संपूर्ण’ नसतं. हक्काचं पत्र मिळाल्यानंतर पंधराव्या वर्षी सभेला कोण येतं, बांबूच्या पैशाचा हिशेब कोण ठेवतं, पुण्याला शिकायला गेलेल्या पोरांना त्या सभेत जागा आहे का, हे कहाणीच्या पलीकडचे प्रश्न. आणि या पुस्तकांचं आपल्याकडे जे वाचन झालं त्यानं एक जुनीच चूक मोठ्या आकारात केली: एका माणसाच्या जागी एक गाव नायक झालं. मेंढा तीर्थक्षेत्र झालं. सहली निघाल्या. गडचिरोली जिल्ह्यात आज हजाराहून जास्त गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. त्यातली बहुतेक गावं आदर्श नाहीत. तिथे भांडणं आहेत, कंत्राटदार आहेत, अर्धवट सभा आहेत. पहिल्या गावाची गोष्ट लिहिली गेली. हजाराव्या गावाची लिहायला हवी, कारण व्यवस्था टिकते की नाही ते तिथे कळतं.

तळातली नांगरणी

अशा न लिहिलेल्या गोष्टीचा एक नमुना झाडीपट्टीतच आहे. भंडारा-गोंदियाकडे मनीष राजनकर आणि त्यांची ‘फीड’ ही संस्था बरीच वर्षं मामा तलावांवर धिवरांसोबत काम करतेय. धिवरांचे नेते पतिराम तुमसरे आणि निमगावच्या शालू कोल्हे ही या कामातली ठळक नावं. कामाची पद्धत ऐका. तलावात माजलेली बेशरम उपटायची. उन्हाळ्यात तळ आटला की तो चक्क नांगरायचा. मग ज्या तलावांत पाणवनस्पती अजून शिल्लक आहेत तिथून त्या आणून पावसाच्या सुरुवातीला लावायच्या, रोवणी करावी तशा. कुठली वनस्पती किती खोल पाण्यात येते, कुठला मासा तिच्यात अंडी घालतो, कुठला पक्षी तिचे कंद खातो, हे धिवरांना माहीत होतं. ते विचारून नोंदवलं गेलं.

हे का महत्त्वाचं? सरकारी मत्स्यधोरणाचा भर रोहू, कटला, मृगळ या माशांवर. ते वाहत्या नदीत अंडी घालतात, साचलेल्या तलावात त्यांचं प्रजनन होत नाही. म्हणजे दरवर्षी बीज विकत आणून सोडायचं. स्थानिक मासे तलावातच वाढतात, पण त्यांना कडेची वनस्पती लागते. पोकलेननं कडा खणली की धिवर कायमचा बीज विकणाऱ्याचा गिऱ्हाईक होतो. एका तलावाच्या उताराचा कोन आणि एका समाजाचं कर्ज यांच्यात असा सरळ संबंध आहे. मला हे वाचून जो थरार वाटला तो कुठल्याही ‘आधी-नंतर’ फोटोनं दिलेला नाही. पण या कामाचा फोटो कसा काढणार? नांगरलेला, चिखलाचा तळ आणि पाण्यात वाकलेल्या बायका. निळा रंग नाही, आकडा नाही. ‘वाइल्ड’, ‘इन्स्पायरिंग’ असा मथळा देता येत नाही.

पदवीवाले आणि बिनपदवीवाले

यावर कुणी म्हणेल, म्हणजे गावकऱ्यांना सगळं कळतं आणि शिकलेल्यांना काही नाही, असंच ना? अजिबात नाही. माधव गाडगीळांचा बांबूवरचा अभ्यास बघा. १९७० च्या दशकात कर्नाटकात कागद गिरण्यांसाठी बांबू तोडला जात होता आणि बेटं विरळ होत चालली होती. वनखातं बेटाच्या बुडाशी असलेलं काटेरी आवरण साफ करायला लावायचं, म्हणजे वाढ चांगली होईल. गावकरी म्हणायचे, काटे काढले की कोवळे कोंब गुरं आणि जनावरं खातात. गाडगीळांनी मोजमाप केलं आणि गावकऱ्यांचं म्हणणं खरं निघालं. इथे दोन्ही बाजू लागल्या. निरीक्षण गावाचं, पण ते खात्याला मान्य करायला लावणारी मोजणी शास्त्रज्ञाची. बल्लारपूरच्या कागद गिरणीसाठी पिढ्यान्‌पिढ्या बांबू जाताना पाहिलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीत ही गोष्ट शाळेत शिकवायला हवी.

उलट उदाहरणही याच मातीत आहे. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टनम या धरणांना गडचिरोलीतल्या आदिवासींनी विरोध केला. ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हे आंदोलन उभं राहिलं, बाबा आमटे त्यात होते. धरणं झाली नाहीत. तेव्हा विरोधकांना विकासाचे शत्रू म्हटलं गेलं, तज्ज्ञ कुणीच म्हटलं नाही. पुढे सिरोंचाजवळ गोदावरीवर तेलंगणानं मेडिगड्डा बंधारा बांधला. २०१९ मध्ये उद्घाटन झालं, जगातली अतिभव्य उपसा सिंचन योजना म्हणून गौरव झाला. २१ ऑक्टोबर २०२३ ला त्याचे खांब खचले. मधल्या काळात पुराचं पाणी सिरोंच्यातल्या शेतांत शिरलं. ज्यांची शेतं बुडाली त्यांना कुठल्याही तांत्रिक समितीत जागा नव्हती. गोष्टीत कुणाला तज्ज्ञ म्हणायचं, हा त्यामुळे नुसता साहित्याचा प्रश्न राहत नाही. गोष्टीत ज्याला ज्ञान असल्याचं दाखवलं जातं, त्यालाच पुढे बैठकीचं बोलावणं जातं.

आणि तरी नायक कधीकधी लागतो, हेही मान्य करायला हवं. चंद्रपूर शहरातला गोंडकालीन रामाळा तलाव सांडपाण्यानं आणि जलपर्णीनं घुसमटत होता. २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘इको-प्रो’चे बंडू धोतरे त्यासाठी उपोषणाला बसले, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. एका माणसाला तलावासाठी पोट उपाशी ठेवावं लागलं. ही बातमी शौर्याची म्हणून छापली गेली. मला ती व्यवस्थेच्या मृत्यूची बातमी वाटते. तुकूम ज्या शहरात वस्तीचं नाव म्हणून उरलंय, तिथे तलाव राखणं हे आता कुणाचंही नेमून दिलेलं काम नाही. म्हणून ते कुणाला तरी शौर्य म्हणून करावं लागतं.

तेव्हा पुढचं जलयोद्धा रील समोर आलं की ते लाइक करा, हरकत नाही. पण समीक्षकासारखं बघा. या गोष्टीत बोलणारी माणसं किती? तलावात मासे धरणारा त्यात आहे का? किती लिटरच्या आकड्यासोबत, पाणी आधी कुणाच्या बांधीत जाणार ते सांगितलंय का? ते कुठे ठरलं, सभेत की साहेबाच्या केबिनमध्ये? आणि सगळ्यात शेवटी, दहा वर्षांनी तुडुम कोण उघडणार, त्याचं नाव गोष्टीत आहे का?

तुमच्या गावात तलाव किंवा बोडी असेल, तर सुट्टीत गेल्यावर हा शेवटचा प्रश्न घरी विचारून बघा. नाव मिळालं तर ते, त्याचं काम आणि ते त्याला कुणी शिकवलं, एवढं लिहून ठेवा. फोटो नसला तरी चालेल.